डबलसीट आणि शंभर सीसी

अंजूरफाट्याजवळ माझं गॅरेज आहे. मानकोलीच्या गोदामांत कामाला जाणारी मंडळी डबलसीट येतात आणि म्हणतात, "पुलावर गाडी दम सोडते, बोअर वाढवून द्या." मी देत नाही. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, ताकद ८ हॉर्सपॉवरच्या आसपास. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, वाढवला की इंजिन जास्त तापतं, शिवाय परवानगीशिवाय असा बदल कायद्याला चालत नाही.

आधी एअर फिल्टर काढतो. कापड विणणाऱ्या लूमच्या गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीच्या फिल्टरवर सुताच्या तुसाचा करडा थर बसलेला असतो. बोटाने सोलला तर पापुद्र्यासारखा निघतो. हवाच मिळाली नाही तर इंजिन ओढणार कसं? मग घासणारे ब्रेक, चेनचा ताण, टायरची हवा. मागे माणूस बसणार असेल तर मागच्या चाकात हवा जास्त लागते. तरीही चढ जड गेला, तर मागचं स्प्रॉकेट दोन दातांनी मोठं बसवतो. ओढ वाढते, वरचा वेग थोडा घटतो. कंटेनरच्या गर्दीत तो वेग हवाय कुणाला?

तिसरा माणूस मात्र बसवू नका, हे प्रत्येकाला हात जोडून सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे मागे एकच बसू शकतो, आणि हेल्मेट त्यालाही हवंच.