दोषदर्शनाचें मोल

‘सुज्ञ वाचकांनीं ग्रंथांतील दोष दाखविल्यास ते पुढील आवृत्तींत आभारपूर्वक दुरुस्त करूं,’ अशा अर्थाचें एक वाक्य प्रस्तावनेच्या शेवटीं ठेवण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. हें वाक्य विनयाचें म्हणून वाचावयाचें असतें. त्यावर विसंबून खरोखरच पत्र पाठवावयाचें नसतें, हें व्यवहारी वाचक जाणतो. दोष कळविणारें पत्र हातीं पडलें म्हणजे ग्रंथकाराच्या कपाळावर ज्या आठ्या पडतात, त्या पाहण्याचा योग ज्यांस आला असेल त्यांस अधिक सांगणें नको. परंतु अमेरिकेंत एक ग्रंथकार असे आहेत कीं, त्यांनीं या वाक्याची किंमत रोख ठरविली आणि ती अनेक दशकें स्वतःच्या सहीनें चुकती केली. त्यांची हकीकत वाचकांपुढें ठेवण्यासारखी आहे असें आम्हांस वाटतें.

त्यांचें नांव डोनाल्ड कनूथ. जन्म इ. स. १९३८, मिलवॉकी शहरीं. संगणकास आज्ञा कशा लिहून द्याव्या, म्हणजे ज्यास हल्लीं घरांतलीं मुलेंही ‘प्रोग्रामिंग’ म्हणतात, त्या विद्येवर एक पुस्तक लिहावें असें एका प्रकाशकानें त्यांस १९६२ सालीं सुचविलें. तेव्हां ते चोवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुस्तक वाढतां वाढतां सात खंडांची योजना झाली. ‘दि आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रामिंग’ या नांवानें पहिला खंड १९६८ सालीं, दुसरा १९६९ सालीं आणि तिसरा १९७३ सालीं बाहेर पडला. या ग्रंथांत कोणताही दोष, मग तो गणिताचा असो, इतिहासाचा असो वा केवळ मुद्रणाचा असो, जो प्रथम दाखवील त्यास २ डॉलर ५६ सेंट मिळतात. दोष नव्हे, पण उपयुक्त अशी एखादी सूचना केली तर ३२ सेंट.

हे आंकडे विचित्र दिसतात खरे, पण त्यांत एक शास्त्रीय विनोद आहे. संगणकाचें गणित दोनाच्या घातांवर चालतें, म्हणून त्या विद्येंतले लोक पुष्कळदां दहांऐवजीं सोळांच्या पटीनें मोजतात. आपल्या दशमान रीतीनें दाहीं दाहीं शंभर सेंटांचा एक डॉलर; त्यांच्या षोडशमान रीतीनें सोळा गुणिले सोळा, म्हणजे दोनशें छप्पन्न सेंटांचा. बत्तीस म्हणजे दोन सोळे. १९५७ सालापर्यंत ज्या समाजानें सोळा आण्यांचा रुपया मोजला आणि ज्याच्या मुलांनीं आणे-पैचीं उदाहरणें पाटीवर सोडविलीं, त्यास हें समजावयास जड जाऊं नये.

२००१ सालीं एका व्याख्यानांत कनूथ यांनीं आपण तोंपर्यंत दोन हजारांहून अधिक चेक लिहिले असल्याचा अंदाज सांगितला. दर चेकाची सरासरी आठ डॉलरांच्या वर होती. म्हणजे पत्र पाठविणारा एकेक वाचक एकाहून अधिक दोष दाखवीत होता. मौज अशी कीं, यांपैकीं फारच थोडे चेक बँकेंत वटविले गेले. बाकीचे चौकटींत बसून भिंतीवर लागले! पुढें या चेकांचीं चित्रें लोक संगणकाच्या जाळ्यावर मिरवूं लागले, त्यांवरील खात्याचे क्रमांक लबाडांच्या हातीं पडले, आणि कनूथ यांस आपलीं बँकेंतलीं खातीं बंद करावीं लागलीं. तेव्हां २००८ सालापासून त्यांनीं खरे चेक देणें सोडलें. आतां बक्षीस मिळतें तें ‘बँक ऑफ सान सेरिफ’ या नांवाच्या पेढीच्या ठेवपावतीच्या रूपानें. ही पेढी कोठेंच नाहीं. सान सेरिफ हें द्वीपराष्ट्र इंग्लंडांतील ‘गार्डियन’ पत्रानें १९७७ सालीं एक एप्रिल रोजीं वाचकांस बनविण्यासाठीं निर्माण केलेलें, आणि त्याचें नांव घेतलेलें छापखान्यांतील टाइपाच्या एका वळणावरून. तरीही पत्रें येतच राहिलीं. वाचक पैशासाठीं लिहीत नव्हता हें यावरून उघड होतें.

मुद्रणांतल्या एखाद्या स्वल्पविरामासाठीं इतका खटाटोप कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण त्या विद्येच्या स्वभावांत आहे. आपण एखादें अशुद्ध वाक्य वाचलें तर भावार्थ लावून पुढें जातों. यंत्रास भावार्थ नाहीं. एकच उदाहरण देतों. शब्दकोशांत शब्द शोधतांना आपण मधलें पान उघडतों, शब्द अलीकडे असल्यास मागचा अर्धा भाग सोडून देतों, पलीकडे असल्यास पुढचा, आणि उरलेल्या भागाचें पुन्हा मधलें पान पाहतों. हीच युक्ति संगणकास सांगावयाची. ती १९४६ सालीं प्रथम प्रसिद्ध झाली. परंतु सर्व संख्यांस लागू पडेल अशी तिची आज्ञावली छापून यावयास त्यानंतर एक तपाहून अधिक काळ लागला, असें कनूथ यांनींच तिसऱ्या खंडांत नोंदविलें आहे. पुढें १९८६ सालीं जॉन बेंटली या नामांकित लेखकानें आपल्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकांत ती सिद्धतेसह दिली. त्यावर वीस वर्षें कोणास शंका आली नाहीं. मग २००६ सालीं जोशुआ ब्लॉक यांनीं जाहीर केलें कीं, ‘जावा’ या भाषेसाठीं आपण स्वतः लिहिलेली हीच आज्ञावली सुमारें नऊ वर्षें सदोष चालत होती, आणि मूळ पुस्तकांतही तोच दोष आहे.

दोष होता तो केवढा? मधलें स्थान काढण्यासाठीं पहिल्या व शेवटच्या स्थानांची बेरीज करून ती निम्मी करावयाची. पण संगणकाच्या त्या कप्प्यांत २,१४,७४,८३,६४७ याहून मोठा आंकडा मावत नाहीं. बेरीज त्यापुढें गेली कीं ती एकाएकीं ऋण होते. यादींत १०७ कोटींवर नोंदी असल्याखेरीज असें घडत नाहीं, आणि १९८६ सालीं एवढी यादी कोणाजवळ होती? दोष पानावर उघडा पडलेला होता, फक्त त्यावर पाय पडावयाचा राहिला होता. तो विद्वानांच्या परिषदेंत सांपडला नाहीं; कोणा एकाचें काम अडलें, त्यानें तक्रार लिहिली, तेव्हां सांपडला. ब्लॉक यांनीं ती तक्रार दडपली नाहीं, हें आम्हांस त्या आज्ञावलीहून अधिक मोलाचें वाटतें.

संस्कृत व्याकरण शिकलेल्या मनुष्यास हें सर्व वाचून कात्यायनाची आठवण न होणें अशक्य आहे. पाणिनीच्या सुमारें चार हजार सूत्रांपैकीं बाराशेंहून अधिक सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें लिहिलीं. वार्तिकाचें कार्य तीन गोष्टींचा विचार करण्याचें, असें परंपरा सांगते: जें सांगितलें आहे तें उक्त, जें सांगावयाचें राहिलें तें अनुक्त, आणि जें वावगें सांगितलें गेलें तें दुरुक्त. कनूथ यांचें दरपत्रक या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दुरुक्तास २५६ सेंट, अनुक्तास ३२, म्हणजे बरोबर अष्टमांश. आणि उक्ताची वाखाणणी करणाऱ्यास कांहीं नाहीं. स्तुतिपत्रांचा भाव त्यांनीं शून्य ठरविला. हें त्यांनीं वार्तिककारास समोर ठेवून केलें असें आम्ही म्हणत नाहीं, पण दोन चांगल्या बुद्धि एकाच उंबऱ्यावर आल्या खऱ्या.

दोष काढणारा हा शत्रु कीं मित्र, हा वाद कात्यायनावरूनही झालेला आहे. गोल्डस्टुकर या जर्मन पंडितानें १८६१ सालीं कात्यायनास पाणिनीचा प्रतिपक्षी, तोही पुष्कळदां अन्यायानें वागणारा प्रतिपक्षी ठरविलें. त्यास सविस्तर उत्तर मिळालें तें आपल्या पुण्यांतून. डेक्कन कॉलेजांत संस्कृताचे अध्यापक असलेले कील्हॉर्न यांनीं १८७६ सालीं एक छोटी पुस्तिका लिहून वार्तिकें एकामागून एक तपासलीं आणि दाखविलें कीं, कात्यायन सूत्रावर संभवणारे आक्षेप मांडतो, ते निराधार असल्यास स्वतःच खोडून काढतो, आणि खरोखर जेथें उणें आहे तेथेंच दुरुस्ती किंवा भर सुचवितो. हें काम वैऱ्याचें नव्हे. वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांचें महाभाष्याचें मराठी भाषांतर ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं कोणतेंही आह्निक उघडून ही पद्धति पाहावी. वार्तिककारानें जे प्रश्न घातले त्यांच्या धाकानेंच सूत्रांचा एकेक वर्ण पुढील दोन हजार वर्षें जपला गेला, असें आमचें मत आहे.

पाणिनीचा आणि या नव्या विद्येचा एक प्रत्यक्ष संबंधही पत्रांतूनच आला. १९६० च्या सुमारास ‘आल्गोल’ या संगणकभाषेचें व्याकरण लिहिण्यासाठीं एक सांकेतिक पद्धति वापरांत आली आणि तिला जॉन बॅकस यांचें नांव पडलें. १९६४ सालीं तरुण कनूथ यांनीं त्या विद्येच्या मासिकाच्या संपादकांस पत्र लिहून कळविलें कीं, तिच्या नांवांतील ‘नॉर्मल’ हा शब्द शास्त्रार्थानें चुकीचा आहे आणि पीटर नाउर यांचें श्रेय त्यांत गाळलें गेलें आहे. सबब तिला ‘बॅकस–नाउर’ म्हणावें. तें नांव रूढ झालें. १९६७ सालीं इंगरमन नांवाच्या गृहस्थांनीं त्याच मासिकांत दुसरें पत्र लिहिलें कीं, अशी पद्धति पाणिनीनें फार पूर्वीं योजिली होती, तेव्हां तिला ‘पाणिनि–बॅकस’ म्हणणें न्याय्य होईल. हें मात्र रूढ झालें नाहीं. आम्हांस त्याचा थोडा विषाद वाटतो. परंतु पहिलें पत्र दुरुक्ताचें होतें आणि दुसरें अनुक्ताचें, आणि दरांतला फरक वर सांगितलाच आहे.

येथवर सर्व गोड दिसतें. पण वाचकांच्या पत्रांस किंमत द्यावयाची ती केवळ पैशांत नसते. १९७७ सालीं दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें पाहून कनूथ यांस त्यांची अक्षरजुळणी इतकी असह्य झाली कीं, ग्रंथलेखन बाजूस सारून त्यांनीं गणिताचें मुद्रण करणारी स्वतःची प्रणाली रचावयास घेतली. तिचें नांव ‘टेक’. एखाद्या वर्षाचें म्हणून आरंभिलेलें काम सुमारें दहा वर्षें चाललें. तिच्यांतील दोषासही बक्षीस होतेंच: प्रथम तेच २ डॉलर ५६ सेंट, आणि दरवर्षीं दुप्पट होत सात पायऱ्यांनीं ३२७ डॉलर ६८ सेंट. १९८९ सालीं त्यांनीं आपल्या साडेआठशेंहून अधिक चुकांची यादी स्वतःच प्रसिद्ध केली. आपल्या चुका वर्गवारीनें मांडून छापणारा दुसरा ग्रंथकार आमच्या पाहण्यांत नाहीं. पण या सर्व काळांत चौथा खंड थांबला होता.

म्हणून १९९० सालच्या एक जानेवारीस कनूथ यांनीं ईमेल वापरणें कायमचें सोडलें. तोंपर्यंत सुमारें पंधरा वर्षें ते वापरीत होते. पुढें १९९३ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अध्यापनांतूनही ते वेळेआधीं निवृत्त झाले. दोषांचीं पत्रें घेणें त्यांनीं थांबविलें नाहीं. तीं गठ्ठ्यानें साठवून सवडीनें वाचावयाचीं आणि उत्तर बहुधा पेन्सिलीनें लिहून टपालानें धाडावयाचें, एवढाच बदल केला. कोणास हा ताठा वाटेल. आम्हांस वाटत नाहीं. वाचकाचा हक्क ग्रंथावर आहे, ग्रंथकाराच्या सकाळीं-संध्याकाळीं मारलेल्या गप्पांवर नाहीं. तरीही हिशेब पाहिला तर मन कष्टी होतें. तिसऱ्या खंडानंतर चौथ्याचा पहिला भाग यावयास १९७३ पासून २०११ पर्यंत अडतीस वर्षें लागलीं. दुसरा भाग २०२२ सालीं आला, तेव्हां कनूथ चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. मधल्या काळांत जुन्या खंडांच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, त्या वाचकांच्या दुरुस्त्यांनीं अधिक शुद्ध झाल्या. लिहिलेलें निर्दोष करावें कीं न लिहिलेलें लिहावें, हा प्रश्न त्यांच्यापुढें रोज सकाळीं उभा राहिला असला पाहिजे.

‘टेक’च्या बाबतींत त्यांनीं शेवटही ठरवून ठेवला आहे. तिच्या प्रत्येक दुरुस्त आवृत्तीस परिघ व व्यास यांच्या गुणोत्तराचा, म्हणजे ‘पाय’चा, एकेक पुढला अंक जोडला जातो, २०२१ सालची आवृत्ति ३.१४१५९२६५३ होती. आपल्या मृत्यूनंतर तिला ‘पाय’ हेंच नांव द्यावें, आणि तेव्हां ज्या चुका उरल्या असतील त्या चुका न मानतां तिचीं वैशिष्ट्यें मानावींत, अशी त्यांची सूचना आहे. ग्रंथाच्या खंडांस असा उपाय नाहीं.

चौथ्या खंडाच्या पहिल्या भागांत आपल्या लोकांस जवळचें असें एक प्रकरण आहे. वस्तूंच्या सर्व संभाव्य रचना क्रमानें कशा मांडाव्या, याचा इतिहास सांगतांना कनूथ यांनीं पिंगलाचें छंदःशास्त्र, केदारभट्टाचा वृत्तरत्नाकर, इ. स. १३५६ मधील नारायण पंडिताची गणितकौमुदी, आणि आपल्या देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास राहिलेल्या शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर यांचा परामर्श घेतला आहे. द्रुत, लघु, गुरु आणि प्लुत यांपासून तालांचा प्रस्तार कसा करावा हें शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत सांगितलें, तें त्या प्रकरणांत आलें आहे; ग्रंथकारांचीं नांवें सूचींत देवनागरीतही छापलीं आहेत. छंदःशास्त्र मुळांतून वाचणारा आणि बेरजांस न भिणारा मनुष्य आपल्यांत अद्याप नाहींसा झालेला नाहीं. अशा कोणीं संगीतरत्नाकराचा तालाध्याय एका हातीं आणि हा खंड दुसऱ्या हातीं घेऊन बसावें. एखादें नांव, एखादा सन किंवा एखादा प्रस्तार चुकलेला आढळल्यास, सर्वांआधीं कळविणाऱ्याचे सान सेरिफच्या पेढींत २ डॉलर ५६ सेंट जमा होतील. उत्तरास मात्र कांहीं महिने धीर धरावा लागेल.