मकरानहून आलेली लाट

२८ नोव्हेंबर १९४५. पहाटे साडेतीनच्या सुमारास आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्याजवळ ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथल्या पसनी गावाची समुद्रानं दैना केली आणि सकाळी आठनंतर तीच त्सुनामी मुंबईला पोचली. सुमारे दोन मीटर उंचीच्या लाटेत माणसं वाहून गेली. आपल्या अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही, हा समज त्याच सकाळी खोटा ठरला होता.

मकरानसमोर अरबी भूपट्ट युरेशियन भूपट्टाखाली वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. दोन्ही एकमेकांत अडकून बसतात, वरच्या पट्टाची कड खाली ओढली जाते, ताण साठत राहतो. एक दिवस पकड सुटते, कड उसळते आणि तिच्यावरचं सगळं पाणी उचललं जातं. वाऱ्यानं उठलेल्या लाटेत फक्त वरचं पाणी हलतं. त्सुनामीत तळापासून पृष्ठभागापर्यंत सगळं. चार किलोमीटर खोल समुद्रात ती ताशी ७०० किलोमीटर वेगानं धावते, पण उंची बहुधा मीटरभरही नसते. वरच्या जहाजाला तिचा पत्ता लागत नाही. किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की पुढचा भाग मंदावतो, मागचा त्याला गाठतो आणि लाट उंचावते.

भूपट्टांच्या अशा सीमांनी प्रशांत महासागर जवळजवळ वेढलेला आहे: चिली, अलास्का, जपान. जगातल्या सुमारे ८० टक्के त्सुनामी तिथल्याच. १९६०च्या चिलीतल्या भूकंपाची लाट २२ तासांनी जपानला धडकली. कधी ज्वालामुखीही कारण ठरतो. १८८३मध्ये इंडोनेशियातल्या क्राकाटोआनं ३६ हजारांवर बळी घेतले. हिंदी महासागरात अशा मोठ्या सीमा दोन: एक मकरानची, दुसरी सुमात्रा-अंदमानची. २६ डिसेंबर २००४ रोजी ही दुसरी सुमारे १,३०० किलोमीटर लांबीवर फाटली आणि सव्वादोन लाखांच्या आसपास माणसं गेली.

त्याच दिवशी सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर, सुमारे ७८ हजारांच्या वस्तीत, मृत्यू झाले फक्त सात. १९०७च्या त्सुनामीची आठवण तिथल्या आजी-आजोबांनी ‘स्मोंग’ या शब्दात जपली होती: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला, की डोंगर गाठायचा.

मकरान दूर असल्यानं कोकणात जमिनीचा हादरा आपल्याला सावध करेलच असं नाही. आपली सूचना येते हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मधल्या त्सुनामी इशारा केंद्राकडून. २००७पासून तिथले शास्त्रज्ञ भूकंपमापकांवर आणि समुद्रतळाशी बसवलेल्या दाबमापकांवर अहोरात्र नजर ठेवून असतात. इशारा मिनिटांत निघतो. १९४५सारखी लाट यायला मात्र साडेचार तासांहून अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात सगळी वस्ती वाचू शकते. त्यासाठी कोळीवाड्यातल्या पोरासोरांनाही दोन गोष्टी पाठ हव्यात: उंचावर जायची वाट कुठली, आणि पहिली लाट ओसरली तरी लगेच खाली उतरायचं नाही, कारण पुढची तिच्याहून मोठी असू शकते.