रेग्युलर एक्स्प्रेशनचे दस्तऐवजीकरण : खानदेशातील पिन कोडच्या संदर्भात

बीजशब्द : रेग्युलर एक्स्प्रेशन, दस्तऐवजीकरण, पिन कोड, देवनागरी, खानदेश

प्रस्तावना :
मजकुरातील विशिष्ट घडण शोधण्यासाठी किंवा तपासण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सूत्रास रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात. गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात या संकल्पनेचा पाया घातला, तर केन थॉम्पसन यांनी १९६८ मध्ये तिच्यावर आधारित शोधपद्धती मांडली. असे सूत्र लिहिणे सुलभ, परंतु दुसऱ्याने लिहिलेले वाचणे कठीण असते. महाविद्यालयातील प्रवेशप्रणाली ती लिहिणाऱ्या व्यक्तीच्या कार्यकाळापेक्षा अधिक काळ चालते. म्हणून दस्तऐवजीकरणाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पिन कोडचे उदाहरण :
भारतात १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा अंकी पिन कोड अमलात आला. त्याचे पहिले तीन अंक टपालाच्या वर्गीकरणाचा विभाग दर्शवितात, तर शेवटचे तीन टपाल कार्यालय. जळगाव शहराचा पिन ४२५००१, तर धुळे शहराचा ४२४००१ आहे. यावरून ४२५ म्हणजे जळगाव जिल्हा व ४२४ म्हणजे धुळे जिल्हा असा समज सहज होतो. तथापि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावचा पिन ४२४१०१, धुळे जिल्ह्यातील शिरपूरचा ४२५४०५ आणि नंदुरबारचा ४२५४१२ आहे. सूत्राचा हेतू नोंदविलेला नसल्यास पुढील प्रोग्रामर त्याचाच उपयोग जिल्हा ठरविण्यासाठी करील व चाळीसगावचा विद्यार्थी धुळे जिल्ह्याच्या यादीत जाईल. संगणक मात्र कोणतीही त्रुटी दाखविणार नाही.

दस्तऐवजीकरणाची पद्धत :
१९९४ मधील पर्ल ५ व त्यानंतर पायथन यांत विस्तारित लेखनाची सोय आहे. तीत सूत्रातील मोकळ्या जागा दुर्लक्षिल्या जातात आणि # या चिन्हापुढे टीप लिहिता येते :

^ # आरंभ
४२[४५] # टपाल विभाग; यावरून जिल्हा ठरवू नये
[०-९][०-९][०-९] # टपाल कार्यालय
$ # अखेर

टिपेत चिन्हाचा अर्थ सांगण्यापेक्षा त्यामागील कारण सांगावे. 'तीन अंक' हे सूत्रातूनच दिसते. 'जिल्हा ठरवू नये' हे दिसत नाही. सूत्राच्या भागांना नावे द्यावीत. तसेच स्वीकारार्ह व अस्वीकारार्ह नमुने चाचणीच्या रूपाने सोबत ठेवावेत : ४२५००१ स्वीकारावा, मालेगावचा ४२३२०३ नाकारावा. टीप जुनी होऊ शकते, परंतु चाचणी बदलाशी विसंगत ठरताच लक्षात येते.

देवनागरीविषयक नोंदी :
वरील सूत्र केवळ देवनागरी अंक स्वीकारते. इंग्रजी अंकांचे संकेतांक युनिकोडमध्ये वेगळे असल्याने कोणते अंक अपेक्षित आहेत, हे लिहून ठेवणे आवश्यक आहे. पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन ग्रंथालयात अक्षर ओळखणारे संक्षिप्त चिन्ह मराठी मात्रांना अक्षर मानत नाही; परिणामी 'जळगाव' हा शब्द 'जळग' आणि 'व' असा तुटतो. म्हणून गावांच्या नावांसाठी देवनागरीची संपूर्ण वर्णश्रेणी का वापरली, याचीही नोंद असावी. अन्यथा कोणी सूत्र 'सोपे' करण्याच्या हेतूने ती काढून टाकील.

निष्कर्ष :
रेग्युलर एक्स्प्रेशनचे दस्तऐवजीकरण म्हणजे चिन्हांचे भाषांतर नव्हे. हेतू, मर्यादा व नमुने या तीन गोष्टी नोंदविल्यास अपरिचित व्यक्तीलाही सूत्रात निर्धास्तपणे बदल करता येतो.