खुलं तंत्रज्ञान, लेखांक ६ : बाहेर पडण्याचा हक्क

ओपन सोर्स परवान्यांतून मिळणारे चार अधिकार आपण गेल्या आठवड्यात पाहिले: प्रणाली वापरण्याचा, तपासण्याचा, बदलण्याचा आणि बदललेली प्रत इतरांना देण्याचा. त्यावर एक रास्त प्रश्न उभा राहतो. ज्याला सोर्स कोडची एक ओळही वाचता येत नाही, त्याला या अधिकारांचा उपयोग काय? माझ्या मते उपयोग मोठा आहे. या चार अधिकारांतून पाचवा आपोआप निर्माण होतो, तो म्हणजे मालक बिघडला तर केलेलं काम घेऊन बाहेर पडण्याचा. हा हक्क मोजके जाणकार बजावतात, पण त्याचं फळ सगळ्यांना मिळतं.

याचं मला सर्वात बोलकं वाटणारं उदाहरण लिबरऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरचं आहे. जर्मनीतल्या एका कंपनीचं स्टारऑफिस सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९मध्ये विकत घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याचा कोड खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभं राहिलं. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली, पण लिहिलेल्या कोडच्या स्वामित्वहक्कात सनला वाटेकरी करून घ्यावं लागे, आणि ही अट अनेकांना खुपत होती. जानेवारी २०१०मध्ये ओरॅकलने सुमारे ७४० कोटी डॉलरला सन ताब्यात घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ओपनसोलारिस हा सनचा दुसरा खुला प्रकल्प ओरॅकलने गुंडाळला, तेव्हा पुढची पाळी आपली, हे ओपनऑफिसवाल्यांनी ओळखलं. २८ सप्टेंबर २०१० रोजी त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा केली, कोडची प्रत घेतली आणि लिबरऑफिस या नावाने वेगळी चूल मांडली. ओरॅकललाही सामील होण्याचं निमंत्रण होतं. उत्तरादाखल ओरॅकलच्या बाजूने, फाउंडेशनमध्ये गेलेल्यांनी ओपनऑफिसच्या मंडळावरून पायउतार व्हावं, अशी मागणी आली. पण मंडळावरून काढता आलं तरी कोड काढून घेता येत नव्हता. नव्या घरात स्वामित्वहक्क सोपवण्याची अट गेली, कोडमधल्या जुन्या जर्मन टिपांचं इंग्रजी भाषांतर सुरू झालं आणि नवख्यांना हात घालणं सोपं झालं. उबुंटू, फेडोरासारख्या लिनक्स वितरणांनी लिबरऑफिस स्वीकारलं. एप्रिल २०११मध्ये ओरॅकलने व्यावसायिक ओपनऑफिस बंद करत असल्याचं जाहीर केलं. आज लिबरऑफिस मराठीतही वापरता येतं. ते वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना या भांडणाची गंधवार्ता नसेल, आणि तशी गरजही नाही.

यावर आक्षेप असा की फाटाफुटीने शक्ती विखुरते. हे खरं आहे. ओरॅकलने सोडलेलं ओपनऑफिस अपाचे फाउंडेशनकडे गेलं, दोन सारखे प्रकल्प समोरासमोर उभे राहिले आणि नवा वापरकर्ता गोंधळला. खुल्या वाटेने गेलेले परत फिरतात, हे सांगायला म्युनिक महापालिकेचं उदाहरणही नेहमी दिलं जातं. तिने २०१३पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणले आणि २०१७मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. पण हे उदाहरण नीट पाहिलं तर ते माझ्याच बाजूचं आहे. म्युनिकला जाता आलं आणि परतताही आलं, कारण खुल्या बाजूने कोणी अडवून धरलं नव्हतं. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होलश्टाइन राज्याने एप्रिल २०२४मध्ये सरकारी कचेऱ्यांतले ३० हजार संगणक लिबरऑफिसवर नेण्याचा निर्णय घेतला, तो याच मोकळिकीसाठी.

सोशल मीडियाच्या बाबतीत मात्र खरी अडचण सुरू होते. ऑक्टोबर २०२२मध्ये इलॉन मस्क यांनी ४,४०० कोटी डॉलरला ट्विटर घेतलं. त्यानंतर मार्च २०२३मध्ये ट्विटरने आपल्या शिफारस प्रणालीचा काही कोड सर्वांसाठी ठेवला. त्याने एकाही वापरकर्त्याची सुटका झाली नाही, कारण तिथे माणूस कोडमुळे अडकलेला नसतो. तो आपल्या अनुयायांमुळे, ओळखींमुळे, वर्षानुवर्षांच्या संवादामुळे अडकलेला असतो. म्हणून अशा ठिकाणी कोड खुला असणं पुरेसं नाही, जोडणीचे नियमही खुले हवेत. २०१६मध्ये सुरू झालेल्या मॅस्टोडॉन या खुल्या सोशल नेटवर्कचं महत्त्व इथे आहे. त्याचे सर्व्हर वेगवेगळ्या लोकांचे आहेत, आणि जानेवारी २०१८मध्ये मान्य झालेल्या ॲक्टिव्हिटीपब या प्रमाणामुळे ते एकमेकांशी बोलतात. चालकाचं वागणं पटलं नाही तर दुसऱ्या सर्व्हरवर जाता येतं आणि अनुयायी सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. ही उणीव मला गंभीर वाटते.

लोक जातच नाहीत, मग या हक्काचं करायचं काय, असं विचारलं जातं. नोव्हेंबर २०१९मध्ये भारतातले बरेच ट्विटरकर मॅस्टोडॉनवर गेले, पण ती लाट लवकरच ओसरली. इथे मोबाइल नंबरचं उदाहरण घ्या. २० जानेवारी २०११पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येऊ लागली. सगळ्यांनी कंपनी बदलली नाही, पण न बदलणाऱ्यालाही आपली कंपनी हातचं गिऱ्हाईक समजू शकली नाही. ही सोय बाजाराने आपणहून दिली नव्हती, ती नियमाने आणावी लागली. युरोपीय संघाच्या डिजिटल मार्केट्स कायद्याने मार्च २०२४पासून व्हॉट्सॲपसारख्या सेवांवर इतर मेसेंजरना जोडून घेण्याचं बंधन घातलं, तेही याच विचाराने. आपल्याकडे अशी तरतूद नाही, आणि ती व्हावी असं मला ठामपणे वाटतं.

खुले पर्याय फुकट चालत नाहीत, हा आक्षेप मी सर्वात गंभीरपणे घेतो. सर्व्हरचं भाडं, शिवीगाळ आवरण्याचं रोजचं काम, सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणं हे सगळं बहुधा थोड्या माणसांच्या खांद्यावर पडतं. ती थकली की सर्व्हर बंद होतो. वर्गणी देण्याची सवय लागल्याशिवाय यातून मार्ग नाही. वाचनालयं आणि दिवाळी अंक वर्गणीवर चालवलेल्या समाजाला ही गोष्ट अपरिचित नाही.

तोवर एक काम आजच करता येईल. आपल्या साहित्य मंडळाचे, वाचनालयाचे, गावाच्या इतिहासाचे लेख आणि छायाचित्रं एखाद्या फेसबुक गटातच साठलेली असतील, तर त्यांची प्रत खुल्या फाइल स्वरूपात उतरवून संस्थेच्या स्वतःच्या ताब्यात ठेवा. पुढच्या लेखांकात ही प्रत कशी आणि कोणत्या स्वरूपात ठेवायची ते पाहू.