जमीन संपादनात जाते, तेव्हा आपलं नाव कुठे असतं?

गटाच्या बैठकीत हल्ली हप्ता आणि कर्ज यांच्या जोडीला आणखी एक विषय निघतो. कुणाच्या रानातून रस्ता जाणार असतो, कुणाच्या गावाची नगरपंचायत झालेली असते. "नोटीस आली म्हणे, पण आम्हाला कुणी सांगितलंच नाही," असं बायका म्हणतात. म्हणून आज नोटीस, मोबदला आणि विकास शुल्क यांविषयी बोलू.

नोटीस हातात आली की आधी बघायचं, ती कोणत्या कायद्याखाली आहे. भूसंपादनाचा मुख्य कायदा 2013 चा आहे. त्यात पहिली अधिसूचना निघाल्यावर लेखी हरकत घ्यायला 60 दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्गाचा कायदा वेगळा, 1956 चा. तिथे 21 दिवसच मिळतात. मुदत गेली की ऐकणारं कुणी नसतं. हरकत तोंडी सांगून चालत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्यायची. आदिवासी अनुसूचित क्षेत्रात 2013 च्या कायद्याने जमीन घ्यायची तर ग्रामसभेची आधी संमती लागते.

आता नावाचं. नोटीस आणि पैसा सातबाऱ्यावरच्या नावांकडे जातो. खुरपणीला, कापणीला आपण असतो, पण सातबाऱ्यावर बहुतेक घरांत आपण नसतो. हे बदलायला वाटा आहेत. 1992 च्या लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर लागतं. नवरा वारला असेल तर वारस नोंद लगेच करून घ्यावी. हिंदू वारसा कायद्यात 2005 साली दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मापासून हक्क मिळाला. वडील त्याआधी वारले असले, तरी तो हक्क जात नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सांगितलं. मात्र आधी रीतसर नोंदणीकृत वाटणी झालेली असेल, तर ती मोडत नाही.

संपादनाची कुणकुण लागली की पुष्कळ घरांत लेकीबाळींपुढे हक्कसोड पत्र येतं. "नुसती सही कर" असं म्हणतात. ती सही म्हणजे मोबदल्यावरचंही पाणी सोडणं. वाचून, विचारून मगच सही करा.

आणि नाव नसलं तरी गप्प बसायचं नाही. मोबदल्यात आपला हक्क आहे असं ज्याला वाटतं, त्या प्रत्येकाला 2013 चा कायदा 'हितसंबंधित व्यक्ती' मानतो. भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी दावा द्या. वाटणीचा वाद असेल तर तो प्राधिकरणाकडे जातो.

मोजणीच्या दिवशी बांधावर हजर राहा. आंब्याची झाडं किती, विहीर कुठे, पाइपलाइन कुठून गेली, हे आपल्याला तोंडपाठ असतं. जे कागदावर आलं नाही, त्याचा मोबदला मिळत नाही.

हिशोब असा बसतो. समजा, जमिनीचा बाजारभाव 5 लाख ठरला. ग्रामीण भागात त्याला 1 ते 2 पर्यंतच्या गुणकाने गुणतात. तो गुणक सरकार ठरवतं. गुणक 2 असेल तर 10 लाख झाले. झाडं, विहीर यांचे 1 लाख धरले, तर 11 लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे एकूण 22 लाख. शिवाय अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंत बाजारभावावर वर्षाला 12 टक्के. निवाड्याचा कागद घेऊन गटातल्या शिकलेल्या मुलीकडून हा हिशोब पडताळून घ्या.

रक्कम कमी वाटली तर पैसे घेताना 'निषेध नोंदवून स्वीकारले' असं लिहा. मुकाट्याने घेतले तर या कायद्याखाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर 6 आठवड्यांत अर्ज करावा लागतो. महामार्गाच्या जमिनीसाठी लवादाकडे जावं लागतं.

गावाची नगरपंचायत झाली की दोन नव्या गोष्टी येतात. पहिली विकास शुल्क. ते घरपट्टीसारखं दरवर्षी नसतं. घर बांधताना किंवा जमिनीचा वापर बदलताना परवानगीसोबत भरायचं असतं. नुसती शेती करण्यावर ते लागत नाही. हा पैसा वेगळ्या विकास निधीत जमा होतो. म्हणून पावती जपा आणि तो निधी कुठे खर्च झाला हे नगरसेविकेला विचारा.

दुसरी गोष्ट विकास आराखड्यातलं आरक्षण. आपल्या गटनंबरावर मैदान किंवा रस्ता दाखवला असेल तर जाहीर केलेल्या मुदतीत हरकत द्या. आराखडा लागू होऊन 10 वर्षं गेली, तरी जमीन घेतली नाही, तर मालक खरेदी सूचना देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं.

गाव ग्रामपंचायतीत असेल तर ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. रस्त्याचा, जमिनीचा विषय तिथे मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणा. वाचून बघू, त्यात किती जणींची नावं आहेत. ज्यांची नाहीत, त्यांचे अर्ज त्याच बैठकीत लिहायला घेऊ. नोटीस येण्याआधी केलेलं हे काम पुढे कामी येईल.