तासाची पहिली पाच मिनिटे

नवी भाषा शिकवताना वर्गात शिरल्याबरोबर पुस्तक उघडू नका. आधी मुलांची जीभ सैल होऊ द्या. फ्रेंचचेच घ्या ना.

नव्या मुंबईत नेरुळला खाडीकाठी सारसोळे हे गाव आहे. अशा जुन्या गावांतली आजी ऐंशीला 'चार विसा' म्हणते, आणि शाळेत जाणारा नातू तिला हसतो. पण फ्रेंच माणूस ऐंशीला काय म्हणतो? 'कात्र-व्हॅं', म्हणजे चार विसाच! नव्वद म्हणजे 'कात्र-व्हॅं-दीस', चार विसा नि दहा. (बेल्जियममध्ये मात्र नव्वदाला 'नोनांत' म्हणतात.)

तेव्हा मुलांना एक ते एकोणीस आकडे आले, की टेबलावर वीस-वीस चिंचोक्यांचे चार ढीग मांडा. शेजारी काही सुटे ठेवा. एकाने सुटे कमीजास्त करायचे, दुसऱ्याने चटकन आकडा बोलायचा. चाळीस नि साठ यांना फ्रेंचमध्ये निराळे शब्द आहेत. म्हणून हा खेळ ऐंशी ते नव्व्याण्णव एवढ्यापुरताच. मूल चुकले तर रागावू नका, बरोबर आकडा तुम्हीच मोठ्याने म्हणा. जे मूल एरवी तोंड उघडत नाही, त्याच्या हाती चिंचोके आधी द्या.

पाच मिनिटे झाली, की चिंचोके पिशवीत. आणि घरचा अभ्यास एवढाच: आजी पन्नास कसे मोजते, ते विचारून यायचे.