'अ', 'द' आणि 'माय' : नेमका कोणता मुलगा?

मराठीत आर्टिकल नाही, म्हणून इंग्रजी बोलताना 'अ' आणि 'द' चुकतात, असं आपण म्हणतो. आर्टिकल म्हणजे नामाआधी येणारा छोटा शब्द. बोलण्यातली व्यक्ती किंवा वस्तू ऐकणाऱ्याच्या ओळखीची आहे की नवी, हे तो सांगतो. असा शब्द आपल्याकडे नसला तरी हा फरक आपण रोज करतो.

'आम्ही मुलगा शोधतोय' म्हटलं, की शेजारी विचारतात, मुलगी किती शिकलीय? 'आम्ही मुलाला शोधतोय' म्हटलं, की तेच दचकून विचारतात, कधीपासून दिसत नाही? आपलं काम एका 'ला'नं झालं. इंग्रजीत पहिलं वाक्य 'वी आर लुकिंग फॉर अ बॉय' आणि दुसरं 'वी आर लुकिंग फॉर द बॉय'.

तेव्हा आधी स्वतःला विचारावं, मी कोणाबद्दल बोलतोय हे समोरच्याला कळेल का? कळणार असेल तर 'द', नसेल तर 'अ'.

आता नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्यातली रामकुंडावरची गर्दी डोळ्यांसमोर आणा. पोर हरवलंय आणि समोरच्या स्वयंसेवकाला मराठी येत नाही. 'द बॉय' म्हटलं तर तो विचारेल, कोणता? 'अ बॉय' म्हटलं तर नातं कळणार नाही. इथे 'आवर सन' हवं.

'माय', 'आवर', 'हिज', 'हर' हे नातं किंवा मालकी सांगणारे शब्द. ते आले की आर्टिकलला जागा उरत नाही. म्हणून 'अ माय फ्रेंड' चूक. मित्रांपैकी एक असं सांगायचं तर 'अ फ्रेंड ऑफ माइन'.

मराठीत आपण 'हात धुतले' एवढंच म्हणतो. इंग्रजीत 'आय वॉश्ड माय हँड्स' म्हणावं लागतं. हा 'माय' आपल्याकडून हमखास गळतो.

मराठी इंग्रजीहून नेमकी आहे ती 'आपला' या शब्दात. 'रमेशनं सुरेशला आपल्या गाडीतून सोडलं' म्हणजे गाडी रमेशची. 'त्याच्या गाडीतून' म्हटलं तर बहुधा सुरेशची. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज कार'. घोटाळा टाळायचा तर सरळ नाव घ्यावं, 'रमेशेस कार'.

'अ' की 'ॲन' हे उच्चारावरून ठरतं. आपलं मुक्त विद्यापीठ 'ॲन ओपन युनिव्हर्सिटी'. 'ओपन' काढलं की 'अ युनिव्हर्सिटी', कारण सुरुवात 'य'च्या उच्चारानं होते.

गावांच्या आणि वस्त्यांच्या नावांना सहसा आर्टिकल नसतं, नद्यांना 'द' लागतो. म्हणून नुसतं 'नाशिक', पण 'द गोदावरी'. 'आय मिस पंचवटी' म्हणजे पंचवटीची आठवण येते. 'आय मिस्ड द पंचवटी' म्हणजे सकाळची मुंबईची पंचवटी एक्सप्रेस चुकली.

सगळ्यात जपायची जागा 'लिटल'ची. 'देअर इज अ लिटल वॉटर इन द डॅम' म्हणजे गंगापूर धरणात थोडं पाणी आहे, अजून धीर धरता येईल. 'अ' गाळला की अर्थ होतो, पाणी जेमतेमच उरलंय. मराठीत ही काळजी 'च' वाहतो. तक्रारअर्ज इंग्रजीत लिहिताना टंचाई सांगायची असेल, तर इथे 'अ' लावू नये.